पाकळी माझ्या जबड्यात पेटली

मी आत्याबाई बोलते आहे. पाकळी नावाचा फोन ज्या दिवशी पेटला, त्या दिवशी त्याला दुमडत होते ती मीच. जोर माझा होता, जबडे माझे होते आणि मालकांच्या धाकट्या मुलाच्या तळहाताची कातडी ज्या पोलादाला चिकटली, ते पोलादही माझेच होते. हे आरंभीच स्पष्ट सांगते. कारण त्यानंतर माझ्याविषयी बरेच वेडेवाकडे बोलले गेले, आणि अर्धवट माहितीवर बोलणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे.

मी एक यंत्र आहे. फोन मोडणे हे माझे काम. कारखान्यात इतर सारे फोन घडवतात. मी एकटी ते मोडते. मी वाकवते, पिळते, दाबते, आणि काच फुटल्याचा किंवा पत्रा फाटल्याचा आवाज आल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या हाती येणारा प्रत्येक फोन आपल्या शेकडो भावंडांच्या मरणावर उभा असतो. ती भावंडे माझ्या जबड्यात गेली आहेत.

माझा जन्म मालकांच्या हातचा. तेव्हा ते मालक नव्हते, त्यांचे फोन दुरुस्त करण्याचे छोटे दुकान होते. गिऱ्हाईक चुराडा झालेला फोन पुढे करी आणि म्हणे, “हातातून पडला हो.” मालक तो उलटसुलट करून पाहत आणि हसून म्हणत, “पडला नाही, फेकलाय. भिंतीवर. भांडण मिटलं का?” माणसे वरमत. कोणी फोनवर बसलेले असे, कोणाचा दाराच्या फटीत चेंगरलेला, कोणाचा रागाने गुडघ्यावर मोडलेला. माणूस माणसाला मारू शकत नाही तेव्हा हातातल्या वस्तूला मारतो, हे मालकांना त्या दुकानात कळले. पुढे त्यांनी स्वतः फोन करायला घेतले, तेव्हा आधी मला केले. मोडीतल्या एका दाबयंत्राचे दोन दांडे, एक मोटर आणि पोलादाचे जबडे. त्यांच्या लहानपणी त्यांची आत्या गालगुच्चा घेई तो अगदी कळ येईपर्यंत. म्हणून माझे नाव आत्याबाई.

सुरुवातीचे फोन जाडजूड होते, बटणांचे होते. मी त्यांना आपटावे तर त्यांची पाठ एकीकडे, बॅटरी दुसरीकडे आणि धड तिसरीकडे जाई. कोणीतरी ते तुकडे गोळा करून टक्‌टक् बसवी आणि तो निगरगट्ट पुन्हा वाजू लागे. त्या पिढीविषयी मला आदर आहे.

मग काच आली. आधी पुढे, मग मागेही. स्क्रू गेले, गोंद आला. बॅटरी पोटात चिकटवून टाकली. मेल्यावर पोट फाडले तरी धड बाहेर निघत नसे. दर वर्षी फोन पातळ होत गेले आणि त्यांच्या किंकाळ्या बारीक. माझ्या जबड्यात हातातली घड्याळे चुरली, बोटातल्या अंगठ्या चेपल्या, डोळ्यांवर पडदा दाखवणारे चष्मे काड्यांसारखे मोडले. मग माणसांना पडदा मोठा हवा आणि खिसा लहान हवा, असे एकाच वेळी वाटू लागले. तेव्हा दुमडणारे फोन आले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण कोणी पाळतच नाही. यांनी पाय तसेच ठेवले आणि अंथरुणाची घडी घातली!

आमच्या खोलीत मालकांनी घातलेले दोन नियम होते. पहिला असा, की ज्याने फोनची रचना केली, त्यानेच पहिला नग स्वतःच्या हाताने माझ्या जबड्यात ठेवायचा, बटणही त्यानेच दाबायचे आणि नजर वळवायची नाही. “ज्याला मोडताना बघवत नाही, त्याने घडवू नये,” असे ते म्हणत. मोठमोठे रचनाकार माझ्यापुढे घामाने थबथबलेले मी पाहिले आहेत. एका गृहस्थांनी डोळे मिटले, तर मालकांनी त्यांची मानगूट धरून तोंड पुढे केले.

दुसरा नियम बॅटरीचा. आरंभीच्या काळात एक भरलेला फोन माझ्या तोंडात फुटला आणि मालकांच्या भुवया जळाल्या. तेव्हापासून बॅटरी पूर्ण उतरवल्यावाचून एकही फोन खोलीत आणायचा नाही, असे ठरले. हा नियम सर्वांनी इतक्या निष्ठेने पाळला, की त्यात काही खोट असेल अशी शंकाही कोणाला शिवली नाही. मला स्वतःलाही नाही.

मालकांना दोन मुले. थोरली ताई, ती इंजिनिअर झाली आणि मोडण्याच्या खोलीची प्रमुख झाली. धाकटा फोनची रचना करू लागला. बहीण मोडणार आणि भाऊ घडवणार, अशी वाटणी. जेवणाच्या टेबलावरही दोघांची जुंपे, असे म्हणतात. तिने त्याचे तीन फोन नापास केले होते. शेवटच्या वेळी त्याने तो मोडका फोन तिच्या पायाशी आपटला होता. तरी ती त्याला ‘अरे’ म्हणे आणि तो तिला ‘ताई’. त्यात कधी खंड पडला नाही.

पाकळी ही त्याची चौथी. आजवरच्या दुमडत्या फोनांत बॅटरीचे दोन तुकडे असत, बिजागरीच्या दोन बाजूंना. याने एकच अखंड बॅटरी केली. फोनाबरोबर तीही दुमडायची. त्यामुळे पाकळी इतकी पातळ झाली, की हाताळणाऱ्याच्या तोंडून आपोआप “वा!” निघे. मी तिला उघडले, मिटले, पुन्हा उघडले, दिवसच्या दिवस. ती हू की चू करेना. ताईने पास केली. धाकट्याने सबंध कारखान्याला पेढे वाटावेत तशा नमुन्याच्या पाकळ्या वाटल्या. विक्रेत्यांना आमंत्रणे गेली. त्याच्या आयुष्याचे सोने व्हायचे ते आता, असे त्याला वाटत होते.

एके दिवशी दुपारी ताई खोलीत आली ती पर्स हातात धरून, पण अंगापासून लांब. मेलेला उंदीर धरावा तशी. तिने पर्स वाळूच्या बादलीत उपडी केली. पाकळी पडली. घडीपाशी तिचे पोट फुगले होते.

धाकट्याला बोलावणे गेले. तो आला.

“हात लावू नकोस. गरम आहे,” ताई म्हणाली.

“कुठे ठेवली होतीस?”

“पर्समध्ये. सकाळी पूर्ण चार्ज केली, मिटली आणि ठेवली. बस्स.”

“एखादा नग खराब निघतो, ताई.”

“अरे, ऐक. आपण आत्याबाईच्या तोंडात फोन देतो तो उपाशी. बॅटरी उतरवून. लोक कसा दुमडतात? जेवलेला! रात्री भरपेट चार्ज करतात आणि सकाळी पहिली घडी घालतात. भरलेल्या पोटाने आपण हिला एकदाही वाकवलेली नाही. एकदाही नाही!”

धाकटा पांढरा पडला. पण रागाने, भीतीने नव्हे. “आणि फुटली तर, असंच ना? पेटली तर! आत्याबाईला मिशा असत्या तर! विक्रेते परवा येतायत आणि तुला आज हे सुचतंय?”

“लोक ही पोराबाळांच्या उशाशी ठेवणार आहेत.”

“तुला माझं काही उभं राहिलेलं बघवतच नाही!”

मालक दारात येऊन उभे होते. त्यांनी सारे ऐकले होते. ते शांतपणे म्हणाले, “भरलेली पाकळी लावा. आत्ताच्या आत्ता. पोरा, पहिला नग तुझ्या हातचा.”

त्यावर धाकट्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि माझ्या दांड्यावर हाणली. एकदा हाणली, दुसऱ्यांदा हाणली. ठिणग्या उडाल्या. माझे अंग झणाणले, वरच्या जबड्याचा खिळा सरकला. फोनांना मारणारे हात मी पुष्कळ पाहिले होते; स्वतः मार खाण्याची माझी ती पहिली वेळ. तिसऱ्या घावाला ताईने त्याचे मनगट पकडले. दोघांत झटापट झाली, पहार फरशीवर पडली आणि फरशीला भेग गेली.

ताईने मापाने माझे जबडे तपासले. “केसभर वाकलाय. आधी सरळ करून घेऊ, मग लावू.”

“काही नको!” धाकटा ओरडला. “केसभर वाकड्या जबड्याने माझी पाकळी मरत असेल, तर तिने मेलेलंच बरं. लावतो मी.”

काचेची संरक्षक झडप खाली ओढायची असते. त्याने ती वरच ठेवली. “दिसू दे सगळ्यांना,” म्हणाला. आरडाओरड ऐकून आधीच जमलेले कामगार आणि विक्रीप्रमुख भिंतीशी उभे होते. भरलेली पाकळी त्याने माझ्या जबड्यात ठेवली आणि बटण दाबले.

मी मिटले, उघडले. मिटले, उघडले. काही झाले नाही. धाकट्याच्या चेहऱ्यावर रंग परतू लागला. ताईला घडीच्या रेषेत काहीतरी दिसले असावे. ती वाकली, अगदी जवळ आली. मी पुन्हा मिटले, आणि माझ्या दातांखाली मला ते जाणवले: आतल्या आत काहीतरी फाटले. सापाने फूत्कार टाकावा तसा आवाज झाला, पांढरा धूर सुटला आणि लगेच ज्वाळा उसळली, थेट ताईच्या तोंडाच्या दिशेने.

यंत्राला थांबता येत नाही. मी उघडले, वारा मिळून ज्वाळा दुप्पट झाली.

धाकट्याने डाव्या हाताने बहिणीला असे ढकलले, की ती भिंतीवर जाऊन आदळली. उजवा हात त्याने माझ्या तोंडात घातला. जळती पाकळी उपटली. मी मिटत होते. त्याची बोटे माझ्या दातांतून थोडक्यात निसटली, तळहात मात्र तापल्या पोलादाला चिकटून सोलवटला. तो ओरडला नाही. त्याने ती आग वाळूत फेकली आणि वरून लाथेने वाळू लोटली. आत ती आणखी दोनदा फुटली. मग खोलीभर मांस जळाल्याचा वास राहिला.

ताईच्या कपाळातून रक्त येत होते. ती उठली, त्याचा हात नळाखाली धरला आणि म्हणाली, “हलू नकोस, वेड्या. हलू नकोस.”

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत बैठक बसली. मालक, ताई, विक्रीप्रमुख आणि हात बांधलेला धाकटा. माझे तोंड काळे झालेले. पहिल्यांदा बोलले ते विक्रीप्रमुख. हा मनुष्य पाण्यालाही लोणी लावून विकील.

“मालक, स्पष्ट बोलतो. पाकळीत काही दोष नाही. यंत्रच वाकडं होतं. सगळ्यांदेखत पहार बसली होती, जबडा सरकला होता, ताईंनी स्वतः मोजला. वाकड्या यंत्रात कुठलाही फोन फुटेल. हे यंत्र भंगारात घालू, नवीन मागवू आणि पाकळी ठरल्या दिवशी बाजारात आणू. पर्समधली एक? तो नग खराब.”

खोटे कसे सजवावे, हे यांच्याकडून शिकावे. त्यांनी सांगितलेली प्रत्येक घटना खरी होती आणि सगळे मिळून असत्य होते. मी बोलू शकत नव्हते. ताईने तोंड उघडले; मालकांनी हातानेच तिला थांबवले.

“पहार याने मारली. हाच सांगेल,” ते म्हणाले.

सगळे धाकट्याकडे पाहू लागले. त्याच्यापुढे वाट मोकळी होती. एकदा ‘हो’ म्हटले, की पाकळी जिवंत, नाव जिवंत, आणि दोषी कोण? एक जुने लोखंड. तो माझ्याजवळ आला आणि काळवंडलेल्या जबड्यावर त्याने डावा हात ठेवला.

“वाकडी होती आत्याबाई. केसभर,” तो म्हणाला. विक्रीप्रमुखांनी मान डोलावली. “मीच वाकवली. पण साहेब, लोकांचे हात सरळ असतात का? खिसे सरळ असतात? बसताना कुणी मापं घेऊन बसतं? केसभर वाकड्याने जी पेटते, ती पेटणारच होती. ताईच्या पर्सला कुणी पहार मारली होती?”

“धाकटे मालक, भावनेच्या भरात...”

“भावना या हातात आहेत, साहेब. सोडून दाखवू पट्टी?”

विक्रीप्रमुखांनी आपले कागद मिटले.

वाचकहो, मी आता म्हातारी झाले. माझा वरचा दांडा अजून किंचित कुरकुरतो. तुम्हांला एकच सांगणे आहे. नवा फोन हातात घेऊन त्याच्या पातळपणाला “वा!” म्हणाल, तेव्हा तो भरल्या पोटी कोणी वाकवून पाहिला आहे का, एवढे दुकानदाराला अवश्य विचारा. त्याला उत्तर येणार नाही, तरीही विचारा.

त्या बैठकीत ठरले ते असे. पाकळी बाजारात जाणार नाही. वाटलेल्या साऱ्या पाकळ्या त्याच दिवशी परत घेऊन वाळूत ठेवायच्या. यापुढे प्रत्येक फोन दोनदा मोडायचा, एकदा उपाशी आणि एकदा जेवलेला, आणि झडप खाली असल्याशिवाय माझी मोटर चालूच होणार नाही अशी जोडणी करायची. मला भंगारात घालायचे नाही; जबडा सरळ करून घ्यायचा आणि ते काम धाकट्याने करायचे, हात बरा झाल्यावर. मालकांनी होकार दिला. ताईने दिला. विक्रीप्रमुखांनी एरंडेल प्यायल्यासारखे तोंड करून दिला. धाकट्याचा उजवा हात बांधलेला होता, म्हणून त्याने डावा वर केला.