मांडलेलं टेबल

"पुढे सरक गं वेनेरा, आज तू नटी!" नुन्झियाने मागच्या रांगेतून टोमणा मारला. "आमचं घर मेलं शाबूत, आम्हाला सिनेमात कोण घेतंय?"

चर्चच्या सभागृहात हशा पिकला. वेनेरा हसली नाही. शेजारी तिचा नवरा सारो मोकळ्या पडद्याकडेच टक लावून बसला होता. तीन वर्षांपूर्वी लाव्ह्याने गिळलेलं घर आज त्याला पुन्हा दिसणार होतं. घराचा एक फोटोही त्यांच्याकडे उरला नव्हता. वेनेरा मात्र दाराकडे बघत होती.

एटना ज्वालामुखीला त्या गावात कुणी नावाने हाक मारत नाही. ती डोंगराई. तिचा लाव्हा दाराशी आला की घर झाडायचं, टेबलावर पाव आणि वाईन मांडायची, दार उघडं टाकून निघायचं. ती म्हणजे लांबून दमून आलेला पाहुणा. मान मिळाला तर बाजूने निघूनही जाईल. पथ्य एकच: मांडलेलं उचलायचं नाही.

वेनेराने उचललं होतं. ज्वालामुखीवर सिनेमा काढायला उत्तरेकडून आलेला तो दिग्दर्शक गोड बोलला होता, "मावशी, उजेड हुकला. सगळं उचलून पुन्हा एकदा मांडता?" मोठ्या पडद्यावर दिसायची हौस कुणाला नसते? तिने पुन्हा मांडलं. संध्याकाळी लाव्हा नुन्झियाच्या कुंपणाशी थबकला, वळला आणि यांच्या स्वयंपाकघरात शिरला.

सारोला तिने हे सांगितलं नाही. उलट तोच म्हणायचा, "कौलं वाचवायला उतरवताना मी डोंगराईला शिवी हासडली. माझ्या तोंडाने घर गेलं, वेने." ती म्हणायची, "जाऊ दे रे." आपली चूक त्याच्या खाती टाकून वर त्यालाच माफ करायचं, हे औदार्य तिला फार स्वस्तात पडलं होतं.

दिवे मालवले. धूर, निखारे, मग घर.

"आपली खिडकी!" सारो लहान मुलासारखा म्हणाला.

पडद्यावर तो स्वतः छपरावर बसून कौलं काढत होता. मग कॅमेरा आत आला. वेनेराचे हात पाव ठेवत होते, ग्लास भरत होते. इथेच काप रे बाबा, तिने मनात विनवलं. दिग्दर्शकाने कापलं नव्हतं. त्याच हातांनी पाव उचलला, भरलेला ग्लास उचलला, टेबलावरचं कापड झटकलं.

"अगं बाई!" नुन्झिया ओरडली. "पाहुण्याच्या पुढ्यातलं ओढून घेतलंस? आणि सारो बिचारा इतकी वर्षं स्वतःला बोल लावत..."

सारो उभा राहिला. त्याची सावली पडद्यावर पडली.

"मीच सांगितलं तिला. तहान लागली होती. खाली आलो, म्हटलं, दे तो ग्लास इकडे."

पडद्यावर वेनेरा टेबल पुसत होती आणि वर छपरावर कौलं खडखडत होती. सगळ्यांनी ऐकलं: सारो तेव्हा वरच होता. नुन्झिया मागे टेकून बसली.

"सारो," वेनेरा पुटपुटली.

"समोर बघ," तो बसत म्हणाला. "जाईल आता घर."

भिंत आधी वाकली, मग आवाज आला. पुढे कुठल्याशा बेटांवरचे ज्वालामुखी बराच वेळ धडधडत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर ऊन होतं. पायऱ्या उतरताना सारोने तिला हात दिला. रस्त्यावरच्या कुणा अनोळखी म्हातारीला द्यावा तसा, अदबीने.