सेनापतीची बदली

त्र्यंबकरावांच्या घरात अंडं चालत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. कानडी मुलखातल्या सरस्वतीपुरममध्ये, घराच्या परसात त्यांनी गावठी कोंबड्या पाळल्या, त्या जुनं वाण टिकावं म्हणून. अंडी खायची नाहीत, विकायला मन होत नाही. मग कोंबडी खुडूक बसली की सगळी अंडी तिच्याखाली. पिल्लं निघाली तेव्हा या गृहस्थाने गल्लीत पेढे वाटले. पुढे त्यातल्या एका तलंगेचा, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबडीचा, तुरा लालबुंद झाला, ती पहाटे चक्क आरवली, आणि कळलं की हा तर कोंबडा! हाच सेनापती.

जुना कोंबडा होताच; आता पाच कोंबड्यांत दोन कोंबडे कसे नांदणार? रोज मारामारी, पिसांचा नुसता सडा.

"एकाला हलवा, नाहीतर दोघंही मरतील," पत्नी रजनीताई म्हणाल्या.

हलवायचं खरं, पण कुठं? जो तो न्यायला तयार, आणि जो तो आधी मसाल्याच्या गोष्टी काढी.

शेवटी हुणसूरचे अंबाजीराव भेटले. पिढ्यान् पिढ्या इकडेच राहिलेलं, बोलण्यात कानडी मिसळलेलं मराठी घर. त्यांचा कोंबडा मुंगसाने नेलेला.

"चिंता बेडा, काळजीच नको त्र्यंबकराव. पोरासारखा सांभाळतो की," ते म्हणाले आणि सेनापतीला टोपलीतून घेऊन गेले.

तेव्हापासून त्र्यंबकरावांना घास गोड लागेना. शब्द दिलाय खरा, पण पाहुणे आले, मोह झाला तर? फोन करून विचारायचा धीर होईना. रविवारी ते न कळवताच हुणसूरच्या बसमध्ये बसले.

अंगणात पाऊल टाकलं आणि कोंबडीच्या रश्श्याचा घमघमाट आला.

"बन्नी, या या," अंबाजीराव स्वयंपाकघरातून आले. "जेवायच्या वेळेलाच आलात. तुमच्यासाठी दहीभात लावतो."

"आमचा..." त्र्यंबकराव स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात मागून पोटरीवर अशी काही टोच बसली की ते कळवळून वळले. मान फुगवून सेनापती दुसऱ्या हल्ल्याच्या तयारीत उभा होता.

"सांभाळा हां. नवा माणूस दिसला की सोडत नाही तो," अंबाजीराव म्हणाले. "आणि रस्सा बाजारच्या कोंबडीचा आहे हो. याला कोण हात लावतो?"

त्र्यंबकरावांनी तिथूनच घरी फोन लावला. "अगं, मला टोचला तो."

"लागलं का फार?"

"रक्त आलंय," ते म्हणाले, आणि भर अंगणात आनंदाने रडायला लागले.