ताराच्या घरातले दोन मिक्सर

भागीरथीने मिक्सर गोणपाटात गुंडाळला आणि कुंपणावरून ताराच्या हातात दिला. टीव्ही आणि उभा पंखा आधीच शेजारी गेले होते.

"वयनी, आता घर कसा गरीब दिसता!"

"हळू बोल गे. ती बाय इतक्यात येतली."

गोव्यात सर्वणच्या आसपासच्या खाणी बंद पडल्या आणि नवऱ्याचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा गृहिणींना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीवर भागीरथीने घर रेटलं होतं. पुढे ट्रकला तुरळक भाडी मिळू लागली, तशा पोटाला चिमटा काढून तिने चार वस्तू घेतल्या. आता घरोघरी होणाऱ्या तपासणीत त्याच वस्तू बघून मदत थांबवतील, या धास्तीने तिची झोप उडाली होती. मुलगी योगिता हिचं कॉलेज त्या पैशांवर चाललं होतं. मदत तारालाही होती, पण तिच्याकडची तपासणी पुढच्या आठवड्यात. म्हणून सामानाला तिचं घर निर्धोक.

तपासणीला आलेली पल्लवी हसतमुख पोरगी निघाली. चार प्रश्न विचारून, चहा पिऊन उठलीसुद्धा. भागीरथीचा जीव भांड्यात पडला.

"बाजूचं घरही आजच उरकते, मावशी. परत खेप नको."

भागीरथीच्या तोंडचं पाणी पळालं. ती मागोमाग धावली. ताराच्या ओट्यावर दोन मिक्सर, बाहेरच्या खोलीत दोन टीव्ही. ताराचा नवरा रोजंदारीवर, पोरं लहान. तिची मदत तुटली तर चूल कशी पेटायची?

"हे सगळं तुमचंच?" पल्लवीने ताराला विचारलं.

तारा भागीरथीकडे न बघताच म्हणाली, "माजाच. सगळा माजाच."

"खोटा बोलता ती!" भागीरथी पुढे झाली. "ह्यो मिक्सर माजो. टीव्ही माजो, पंखोय माजो. तिचे पैसे बंद करू नकात."

"वयनी, गप रव!"

"तूच गप रव!"

पल्लवी खुर्चीत टेकली. तिला हसू आवरेना.

"सकाळपासून घरोघरी 'आमचं काहीच नाही' एवढंच ऐकतेय. मावशी, तुम्ही इथे राहता की नाही, तेवढं बघायला आलेय मी. कुणाचे पैसे बंद होत नाहीत. मिक्सर आम्ही मोजत नाही."

ताराने सुटकेचा श्वास टाकला. भागीरथीलाही हायसं वाटलं, पण घडीभरच. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"मोजणत नाय? पैसो पैसो जोडून घेतलेलो आसा तो!"

आणि ताराकडे वळून ती म्हणाली, "लाव गे, चालू करून दाखय तिका."