उलटवलेलं पाऊल

एर्मेलिंदा कुंपणापाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने शिंगराच्या पोटाखाली हात घातला. बेंबीजवळचा हर्निया आता तिच्या मुठीत मावत नव्हता. मार्चमध्ये जरा दाबला की आत जायचा. आज जागचा हलला नाही. शिंगराने कान मागे टाकले, पण लाथ मारली नाही.

"चार बोटं भोक आहे," ती म्हणाली.

"तेव्हा दोन होतं." शिंगराचा मालक बाउदिलिओ, त्याच्या हातात दोर होता. "दुपारी खाटिकखान्याचा ट्रक येतोय, दोन्या एर्मेलिंदा. माझ्या जिवावर आलंय. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. ठेवता का याला? चारा मी आणून टाकीन."

मार्चमध्येही तो असाच आला होता. शिंगराचं मागचं पाऊल ओल्या गवतात उमटलं होतं. तेवढा गवताचा तुकडा तिने मातीसकट सुरीने कापला, आईने शिकवलेले शब्द पुटपुटत त्याच जागी उलटा घातला. गवत वाळेल तसं भोक मिटेल, चाळीस दिवस दुसरा इलाज करू नकोस, असं तिने बजावलं होतं. तिच्या बोटांना मात्र त्याच दिवशी कळलं होतं, की हे काम डॉक्टरचं आहे. पण नवरा गेल्यापासून माणसं या फाटकाशी यायची ती पावलं उलटवून घ्यायलाच. त्यांनाही डॉक्टरकडे धाडलं, तर तिच्याशी बोलायला येणार कोण?

"चूक माझीच," बाउदिलिओ म्हणाला. "चाळीस दिवस व्हायच्या आत मी त्याला ओढ्यापलीकडे नेलं. पाण्याने सगळा गुण धुऊन नेला."

त्यावर तिने नुसतं 'हो, पाण्यानेच' म्हटलं असतं तरी भागलं असतं. शिंगरू ट्रकमध्ये चढलं असतं आणि बाकी सगळं होतं तसंच राहिलं असतं. एर्मेलिंदा एप्रनला नुसतेच हात पुसत राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती.

"आणि रविवारी माझ्या गायीसाठी येताय ना?" त्याने विचारलं. " जखमेत किडे पडलेत. तुमच्या हाताशिवाय..."

"ओढ्याचा काही दोष नाही रे," ती म्हणाली. "हे माझ्याने होणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही."

तो हसला. "थट्टा करताय गरिबाची."

"दोर दे इकडे. आणि जाताना जनावरांच्या डॉक्टरला आजच यायला सांग. मी बोलावलंय म्हण."

"तुम्ही? अहो, गावभर बोभाटा होईल!"

"होऊ दे. गायही त्यालाच दाखव."

त्याने दोर दिला. मग तो घोड्यावर बसला.

"चाळीस दिवस मी रोज सकाळी त्याला सांगत होतो," तो म्हणाला, "जरा धीर धर म्हणून."

एवढं म्हणून तो टोपीला हातही न लावता निघून गेला.

डॉक्टर दिवस मावळायच्या आत आला. त्याने टाके घातले, पण शिंगरू जगेल याची खात्री देता येत नाही म्हणाला.

रविवारी तिने सवयीने, दर आठवड्याला माते, म्हणजे पानांचा कडू चहा, प्यायला येणाऱ्या गावातल्या चौघांपुरतं पाणी उकळायला ठेवलं. दुपारपर्यंत फाटक वाजलं नाही. शिंगरू गोठ्यात उभं होतं आणि गवताला तोंड लावत नव्हतं. ती कोमट पाण्याची बादली घेऊन त्याच्यापाशी जाऊन बसली.