दादाच्या पुस्तकाची पट्टी

आमच्या ग्रंथालयात गोष्टीच्या पुस्तकाला कण्यावर रंगीत पट्टी लागल्याशिवाय कपाट मिळत नाही. लाल म्हणजे रहस्य, काळी म्हणजे भय, पिवळी विनोद, गुलाबी प्रेम. पट्टीवरच्या ठिपक्यांवरून पोटप्रकार कळतो. लालवर एक ठिपका म्हणजे पोलिसी तपास, तीन म्हणजे बंद खोलीतला गुन्हा. गुलाबीवर एक म्हणजे संसार, दोन म्हणजे विरह. हे काम मी आणि शंकाताई करतो. तिचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नाही. भूतकथेत शेवटी भूत निघालं तरी "पण ते खरंच भूत आहे का गं?" असं विचारणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

लोकांना वाटतं, यात एवढं काय? मुखपृष्ठावर सुरा असला की रहस्य, गुलाब असला की प्रेम. असं म्हणणाऱ्याला मी एकदा माझ्या खुर्चीत बसवणार आहे. सुरा भाजी चिरायलाही लागतो. आमची कसोटी एकच: वाचक पुढचं पान कशासाठी उलटतो? हे कुणी केलं ते कळावं म्हणून उलटत असेल तर रहस्य. ही दोघं एकदाची भेटू देत म्हणून उलटत असेल तर प्रेम. दोघींनी वेगवेगळं वाचायचं, आपापली पट्टी टेबलावर ठेवायची आणि रंग जुळले की चिकटवायची. नाही जुळले तर भांडायचं. भांडणात मी जिंकते, कारण माझा आवाज मोठा आहे.

माझा दादा रहस्यकथा लिहितो. त्याचं नवं पुस्तक कधी येतंय म्हणून लाल कपाटाशी खेटे घालणारे वाचक आहेत. वहिनीची तऱ्हा मात्र वेगळी होती. पुस्तक हातात पडलं की ती आधी शेवटचं पान उघडायची आणि स्वयंपाकघरातून ओरडायची, "मेहुण्यानं मारलं!" दादाचा तिळपापड व्हायचा. "मग आधीची दोनशे पानं मी काय झक मारायला लिहिली?" वहिनी हसत हसत पहिल्या पानापासून वाचायला बसायची. मला त्यांचं हे भांडण फार आवडायचं.

वहिनी आजारात गेली. दादा रडला नाही, बोललाही नाही. तिचा विषय निघाला की तो उठून खिडकी लावायचा. खिडकी आधीच लावलेली असली तर उघडून पुन्हा लावायचा.

वर्ष उलटल्यावर त्याचं नवं पुस्तक आमच्या टेबलावर आलं. पाठोपाठ त्याचा फोन. "लाल, तीन ठिपके. बंद खोली आहे."

मी वाचलं. एका म्हाताऱ्या गुप्तहेराची बायको आतून बंद असलेल्या खोलीतून नाहीशी होते. तो शेजारपाजार पालथा घालतो, डॉक्टरांवर संशय घेतो, तिच्या चपला, तिचा चष्मा, तिची अर्धी राहिलेली औषधं पुन्हा पुन्हा तपासतो. शेवटच्या पानावर तो तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसतो आणि म्हणतो, "मी हरलो. आता तूच सांग, कुणी केलं?" एवढंच. पुढे कोरा कागद.

मला हुंदका आवरला नाही. शंकाताईनं वाचून झाल्यावर गुलाबी पट्टी टेबलावर ठेवली. माझ्या हातातही गुलाबीच होती.

मी दादाला फोन लावला. "दादा, ही प्रेमकथा आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हेर आहे, बंद खोली आहे, संशयित आहेत. आणखी काय हवं?"

"उत्तर."

पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "लाल लाव. गुलाबी लावलीस तर लोक म्हणतील, बायको गेली आणि हा खचला. मला कुणाची कीव नकोय."

मोठ्या भावाचा आवाज चढला की माझं वय अजूनही शाळकरी होतं. मी लाल लावली, तीन ठिपके दिले. शंकाताई म्हणाली, "पण..." मी तिला गप्प केलं. चुकीच्या दारात पुस्तक सोडून आल्यासारखं मला दिवसभर वाटत राहिलं.

आणि झालंही तसंच. पहिल्याच वाचकानं देवघेवीच्या टेबलावर पुस्तक आपटलं. "शेवटचं पान कुणीतरी फाडलंय!" दुसऱ्या प्रतीचीही तीच तक्रार, तिसरीचीही. तिन्ही प्रती बांधणीकाकांकडे गेल्या. फाटकी पुस्तकं शिवणं हे त्यांचं काम, आणि लाल पट्टीच्या पुस्तकात गुन्हेगार सापडला नाही म्हणजे पान गहाळ, हे त्यांचं शास्त्र. त्यांनी मला विचारलं नाही. प्रकाशकाकडून नंबर घेतला आणि थेट लेखकालाच फोन केला. डबा खाताना मोठ्या अभिमानानं मला सांगितलं, "म्हटलं, साहेब, तुमच्या पुस्तकाचं शेवटचं पान गळलंय. गुन्हेगार कोण ते पान तेवढं पाठवून द्या, चिकटवून टाकतो." मी डबा झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादा आमच्या खोलीत आला. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी तयारच होते. त्यानं टेबलावरची एक प्रत उचलली आणि मागून उघडली.

"काल तुमच्या माणसाचा फोन आला."

"दादा, त्यांना ठाऊक नव्हतं रे..."

"त्याचं बरोबर आहे. पान गहाळच आहे." तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावरच बसला. "माझ्याकडेही नाही ते. कितीदा लिहायला घेतलं. गुन्हेगार ठरवला की वाटायचं, आता स्वयंपाकघरातून ओरडेल. मी लिहिणं थांबवून ऐकत बसायचो." त्यानं पुस्तक मिटलं. "कुणी ओरडत नाही गं."

आणि तो रडला. गठ्ठ्यांच्या मधोमध, शंकाताईच्या देखत, लहान मुलासारखा. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. शंकाताईनं उठून दार लोटून घेतलं.

बऱ्याच वेळानं त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "त्या गुलाबी कपाटात माझ्या शेजारी कोण असेल?"

"डॉक्टर आणि नर्सची मालिका. बारा भाग."

"अरे देवा."

"पण," शंकाताई म्हणाली, "तिथले वाचक शेवटी गुन्हेगार मागत नाहीत."

दादा हसला. मी ब्लेडच्या पात्यानं लाल पट्टी खरवडून काढली, गुलाबी कापली आणि डिंक लावून चिकटवली. त्यानं ती स्वतःच्या अंगठ्यानं दाबून धरली. सुकल्यावर मी ठिपक्यांसाठी काळं पेन उघडलं, पहिला दिला आणि दुसऱ्यासाठी पेन पुन्हा टेकवणार होते.

"दुसरा कशाचा?" त्यानं विचारलं.

"एक म्हणजे संसार. दोन म्हणजे विरह."

त्यानं माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"एकच राहू दे," दादा म्हणाला.