वेशीबाहेरची दवंडी

ग्रामसभेची नोटीस आता मोबाइलवर येते. नात ती मोठ्यानं वाचून दाखवते आणि मंजुळाबाई दर वेळी एकच विचारतात, "कोण राहिलं?"

"आजी, हे एकदम सगळ्यांना जातं. कुणी राहत नाय."

"तरी बघ."

नात कुरकुरत यादी चाळते आणि एखाददुसरं नाव निघतंच. कुणाचा नंबर बदललेला असतो, कुणाचा मोबाइल लेकाबरोबर शहरात गेलेला असतो. मग मंजुळाबाई पायात चप्पल सरकवतात आणि सांगायला स्वतः निघतात.

ही खोड त्यांना नववीत लागली.

साल सहासष्ट असेल. बिडकीनपासून तीन कोसांवरच्या त्यांच्या गावात हायस्कूल निघून चारच वर्षं झाली होती. नववीत एकोणीस मुलं आणि तीन मुली. त्या तिघींतली मंजुळा वेशीबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीवरून यायची. बाप मुंजाबा जायकवाडीच्या धरणावर मातीकामाला गेलेला, मेंढरं आई साळूबाईच्या एकटीच्या अंगावर. तरी तिनं लेकीला शाळेत ठेवलं होतं, कारण वस्तीजवळच्या आडाला हाळ होता. मेंढरांना पाणी पाजायचा लांबट दगडी हौद तो. जागोजाग गळायचा, पण साळूबाई एकटीनं पोहरे ओतून कळपाचं पाणी उरकायची.

बद्रीनाथ गुरुजी नागरिकशास्त्र शिकवायचे. ते स्वतः निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. त्यामुळं तोंडानं 'दरख्वास्त' म्हणायचे आणि फळ्यावर 'अर्ज' लिहायचे. पोरं हसली की तेही हसायचे. ग्रामपंचायतीचा धडा आला तेव्हा त्यांनी दोन पानं वाचली आणि पुस्तक मिटलं.

"हे असं नाय समजायचं. चला चावडीवर."

त्या महिन्यात नववीचा वर्ग वर्गात कमीच बसला. पोरांनी ग्रामसेवकाच्या टेबलाभोवती उभं राहून ठरावाचं बुक पाहिलं. अर्ज कसा लिहायचा, तो दिला की पोच कशी मागून घ्यायची, हे गुरुजींनी प्रत्येकाकडून दोनदोनदा करून घेतलं. "पोच नाय घेतली तर अर्ज दिलाच नाय असं समजा," असं ते रोज सांगायचे. मग ग्रामसभा जवळ आली. विषयपत्रिकेच्या नकला पोरांनीच काढल्या.

पाचवा विषय लिहिताना मंजुळाचा टाक थांबला. 'वेशीबाहेरील पडीक हाळ मोडून त्याचे दगड शाळेच्या ओट्यासाठी वापरणे.'

"आता गॅदरिंगला ओटा होणार," सांडू म्हणाला. तो सरपंच कारभारी पाटलांचा पुतण्या. नाटकात राजा व्हायचं हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. "तुझ्या मेंढरांना पुढं बसवू, मंजे. फुकटात."

"मेंढरं तुझं तोंड बघायला कशाला येतील?" मंजुळा म्हणाली खरं, पण पाचवा विषय तिनं पुन्हा एकदा वाचला.

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. साळूबाई चुलीपुढून न उठता म्हणाली, "हाळ गेला तर कळप नदीवर न्यावा लागल. जाया-यायाला अर्धा दिस. एकटीला जमायचं नाय, बाई. मग तुझी शाळा राहिली."

त्यात राग नव्हता. आभाळ भरून आलं की सरपण आत घ्यायला सांगावं तसंच ती बोलली.

मंजुळानं दुसऱ्या दिवशी गुरुजींना गाठलं. गुरुजी म्हणाले, "तुम्हा पोरांना सभेत बसता येईल, ऐकता येईल, लिहिता येईल. बोलणार मोठी माणसं. वस्तीवरची माणसं येतीलच की. त्यांना बोलू दे."

तिला धीर आला. दवंडीबरोबर जायला वर्गातून तिघांना निवडलं, त्यात तीही होती. फकिरा कोतवाल हलगी वाजवत पुढं, पोरं आणि गुरुजी मागं. मारुतीच्या पारापासून निघायचं, सगळ्या गल्ल्या घ्यायच्या, वेशीपाशी शेवटची थाप मारायची आणि वळायचं. फकिराचा बाप असाच वळायचा, आजाही. फकिरा वळला तशी पोरंही वळली आणि मंजुळाही वळली. घर वेशीच्या पलीकडं दोन हाका मारण्याइतकं जवळ असूनही.

सभेच्या दिवशी चावडीपुढं माणसं जमली. पोरं एका बाजूला वह्या घेऊन बसली. मंजुळा वेशीकडं बघत होती. पहिला विषय झाला, दुसरा झाला. वस्तीवरचं एकही माणूस येईना. तिसऱ्या विषयाला तिच्या डोक्यात लख्ख झालं. दवंडी वस्तीवर गेलीच नव्हती. लहानपणापासून तिनं दवंडी ऐकली होती ती लांबूनच. ती गावाची असते, आपली नसते, हे कुणी शिकवलं नव्हतं तरी पक्कं बसलं होतं. इतकं पक्कं, की स्वतः हलगीमागं चालतानाही तिला वेशीपुढं जायचं सुचलं नाही. आईला विषय सांगितला होता, पण सभेचा दिवस सांगायचाही राहून गेला होता. दवंडी होणार, मग वेगळं काय सांगायचं?

बोलायची तर मनाई. तिनं गुरुजींकडं पाहिलं. पण लिहिता येईल, असं तेच म्हणाले होते.

मंजुळानं वहीचं पान फाडलं आणि लिहायला घेतलं. चौथा विषय संपेपर्यंत लिहिणं झालं होतं. ती उठली, माणसांतून वाट काढत ग्रामसेवकाच्या टेबलाशी गेली आणि कागद पुढं धरला.

"अर्ज आहे. पोच पाहिजे."

लोक हसले. सांडू पाठीमागून म्हणाला, "घ्या, मेंढरांचा अर्ज."

ग्रामसेवकानं कागद सरपंचांपुढं सरकवला. कारभारी पाटलांनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं. "सरपंचसाहेबांस अर्ज करते की, ग्रामसभेची दवंडी वेशीबाहेर गेली नाही. वस्तीवरच्या लोकांना आजची सभा माहीत नाही. हाळ त्यांच्या रोजच्या वापरात आहे. दवंडीबरोबर मी स्वतः होते आणि मीही वेशीवरून माघारी फिरले. तरी पाचवा विषय आज घेऊ नये. कळावे."

हसणं थांबलं.

"काय रं फकिरा?" पाटील म्हणाले.

"मालक, वेशीवरूनच वळत्यात. आजवर कुणी पुढं जा म्हणलं नाय."

"मी पण वेशीपाशी उभा होतो," बद्रीनाथ गुरुजी जागेवरून म्हणाले. "माझ्या बी ध्यानात नाय आलं. दरख्वास्त बरोबर आहे, पाटील."

पाटलांनी कागद पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचला. माणूस करडा, पण आडमुठा नव्हता. "विषय आठ दिवस तहकूब," ते म्हणाले. "आन् पोरीला पोच द्या."

दुसऱ्या दवंडीला वेशीपाशी फकिराचे पाय सवयीनं थांबले. मंजुळा त्याला ओलांडून पुढं झाली.

"चला, फकिराकाका."

वस्तीवर हलगी पहिल्यांदाच वाजली. कुत्री अंगावर आली, मेंढरं उधळून बाभळीत घुसली, आणि मनकर्णाबाई म्हातारी काठी टेकत बाहेर येऊन विचारू लागली, "कोण मेलं रं?"

"कुणी नाय, आजी," मंजुळा म्हणाली. "शुक्रवारी सकाळी सभा हाय. तुम्ही यायचंय."

"मी? येऊन काय करू?"

"बसायचं. पटलं तर हात वर करायचा."

शुक्रवारी वस्ती आली. बाया एका कडेला डोक्यावर पदर घेऊन बसल्या. पाचवा विषय निघाला. मग साळूबाई उठली. तिचा आवाज सगळ्या चावडीला ऐकू गेला.

"हाळ गळतोय, ते खरं. पण फोडाया जेवढी माणसं लागतील तेवढ्यात तो नीट बी होतोय. माणसं आमची, चुना पंचायतीचा. ओट्याला दगड लागत्याल, तर ते बी नाल्यातनं आणून देऊ."

"अनुमोदन कोण देतंय?" ग्रामसेवकानं विचारलं.

मागून पुंजाराम नावाचे थकलेले शेतकरी म्हणाले, "माझं लिही. उन्हाळ्यात माझी विहीर आटती तवा माझे बैल तिथंच पित्यात. आजवर बोललो नाय एवढंच."

हात वर झाले. मनकर्णाबाईंनी दोन्ही हात वर केले. मोजणाऱ्या पोरांचा त्यावरून वाद झाला आणि गुरुजींनी त्यांना म्हातारीचा एकच हात मोजायला लावला.

पुढच्या आठवड्यात वस्तीनं हाळाच्या भेगा बुजवल्या. नाल्यातून दगड आणायला सगळी नववी गेली होती. सर्वांत जड दगड सांडूनं उचलला आणि तो आठवडाभर सगळ्यांना सांगत राहिला.

चुना वाळल्यावर पहिल्या सकाळी मंजुळा हाळाशी उभी राहिली. पाणी काठोकाठ होतं, एक थेंब गळत नव्हता. मेंढरं माना खाली घालून पीत होती. साळूबाईनं पोहरा खाली ठेवला, कमरेची भाकरी सोडून लेकीच्या हातात दिली आणि म्हणाली, "बघत काय बसली? शाळेला उशीर होतोय."