उंच ग्लासात पाणी जास्त?

मित्रांनो, मी एक जुना, उंच, सडपातळ काचेचा ग्लास आहे. माझ्यातून आजवर कुणी घोटभर पाणी प्यायले नाही, पण माझा थाट विचारू नका! मी शाळेत मुलांची परीक्षा घेतो.

भट्टीत तापून माझा जन्म झाला आणि दोन बुटक्या ग्लासांबरोबर मी थेट बालवर्गाच्या टेबलावर आलो. मोठ्या बाई बुटक्यांत सारखे पाणी भरत. "दोन्हीत सारखं आहे ना?" मूल मान डोलवी. मग एकातले सगळे पाणी माझ्यात ओतून त्या विचारत, "आता सांग, सारखंच आहे की कुठे जास्त आहे?" जे मूल माझ्याकडे बोट दाखवी, त्याला आणखी एक वर्ष बालवर्गात बसावे लागे. मी मात्र मान मिळाला म्हणून खूश!

पुढे नवे सर आले आणि चहाच्या सुट्टीत खडाजंगी सुरू झाली. बाई म्हणत, "समज वयाप्रमाणेच येते. घाई करून काय उपयोग?" सर म्हणत, "कुणी हात दिला की मूल लवकर पुढे जातं. वाट कसली बघायची?" दोघांनीही जाडजूड पुस्तके वाचलेली, त्यामुळे कुणीच हटेना.

शेवटी हा वाद येऊन ठेपला शाळेच्या शिपाईमामांच्या नातीवर. तिला सगळे चिमणी म्हणत. सकाळी तिने माझ्याकडे बोट दाखवले होते. तिची जिवलग मैत्रीण पहिलीत निघालेली आणि ही मागे राहणार, म्हणून रडून रडून डोळे लाल. सर म्हणाले, "मला एक तास द्या." तो तासभर दोघी मैत्रिणींनी माझ्यातून बुटक्यात आणि बुटक्यातून माझ्यात पाणी ओतले. मला तर गुदगुल्याच झाल्या!

मग बाईंनी पुन्हा परीक्षा घेतली. बुटक्यांत सारखे पाणी? चिमणी म्हणाली, सारखे. पाणी माझ्यात ओतले. आता?

"ह्यात जास्त."

सरांचा चेहरा उतरला. "बघा, अजून वय व्हायचंय," बाई म्हणाल्या.

मैत्रीण कमरेवर हात ठेवून ओरडली, "अगं, मघाशी तर सारखं म्हणालीस! बदललंस कशाला?"

"बाईंनी परत विचारलं ना! परत विचारलं म्हणजे माझं पहिलं चुकलं असणार."

"मग खरं काय?"

"सारखंच आहे की! सांडलंय कुठे?"

बाईंनी हळूच विचारले, "सकाळीसुद्धा तुला ठाऊक होतं?" चिमणीने होकारार्थी मान डोलावली. म्हणजे सरांचा तासही फुकटच गेला होता! मी आनंदाने उडीच मारणार होतो, पण फुटण्याच्या भीतीने थांबलो.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "चिमणी पहिलीत जाईल. आणि मागे ठेवलेल्या सगळ्या मुलांना बोलवा. माझंच विचारायचं चुकलं."

मित्रांनो, आता माझ्यात पाणी ओतल्यावर बाई म्हणतात, "तुला काय वाटतं? आणि असं का वाटतं?" मग मुले काय काय सांगतात म्हणून सांगू! तुमच्या धाकट्या भावंडाचे उत्तर चुकले, तर हसण्याआधी एकदा कारण विचारा. कदाचित त्याला सगळे ठाऊक असेल आणि ते फक्त तुमचे मन राखत असेल.